संशोधन पद्धती आणि सांख्यिकीचा पेपर : धानपट्ट्यातील तयारीचा इतिहास

सडक अर्जुनी हा मुंबई–कोलकाता महामार्गावरचा, धानपट्ट्यातील तालुका. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. इथल्या महाविद्यालयीन परीक्षा मात्र आधी आणि नंतरही नागपूर विद्यापीठाच्याच राहिल्या. 1923 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य किंवा शिक्षणशास्त्र घेऊन पुढे शिकणाऱ्याला संशोधन पद्धती आणि सांख्यिकी टाळता येत नाही. दहावीनंतर गणित सोडलेल्यांना सर्वाधिक धास्ती याच पेपरची.

या पेपरातील बरीचशी सामग्री विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीतली आहे. कार्ल पिअर्सन यांची काय-वर्ग कसोटी 1900 ची, ‘स्टुडंट’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेली टी-कसोटी 1908 ची, तर संशोधकांसाठी लिहिलेले रोनाल्ड फिशर यांचे सांख्यिकीचे पुस्तक 1925 चे. पुण्यात 1930 साली गोखले अर्थशास्त्र संस्था आणि कोलकात्यात 1931 साली भारतीय सांख्यिकी संस्था सुरू झाली. पुणे विद्यापीठात 1953 साली संख्याशास्त्र विभाग उभा राहिला, तो वसंत हुजूरबाजार यांच्या नेतृत्वाखाली.

धानपट्ट्याशी या शास्त्राचा थेट संबंध जोडला तो सातारा जिल्ह्यातील बुध गावच्या पांडुरंग सुखात्मे यांनी. भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना 1940 च्या दशकात त्यांनी पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवली. गाव यादृच्छिक पद्धतीने निवडायचे, मग शेत. शेताच्या नैऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक अंकांनी ठरलेली पावले मोजून आयत आखायचा, त्यातले पीक कापून मळायचे आणि तोलायचे. भारतीय सांख्यिकी संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस कापणीसाठी लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. तुकडा फार लहान असला तर काठावरची रोपे आत धरली जातात आणि उतारा फुगतो, असा सुखात्मे यांचा आक्षेप होता. नमुन्यातील चूक आणि पक्षपात यांतला फरक विचारणाऱ्या प्रश्नाला याहून चांगले उदाहरण नाही. पिकाची पैसेवारी काढतानाही नजर अंदाजानंतर कापणीचे आकडे लागतात. अंतिम पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली की सवलतींचा प्रश्न येतो. त्यामुळे सरासरी ही इथल्या शेतकऱ्याच्या घरची गोष्ट आहे.

परीक्षेची तयारी मात्र धानाच्या बांधीपासून दूर, पुस्तकात झाली. नागपूरच्या महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने आणि नागपुरातील खासगी प्रकाशकांनी सामाजिक संशोधन पद्धतीवरील पुस्तके मराठीत आणली, तेव्हा मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला आधार मिळाला. त्यांच्या पाठोपाठ गाईड आणि संभाव्य प्रश्नसंच आले. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका जमवायच्या, पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न खुणावायचे, शून्य परिकल्पना, नमुना निवडीचे प्रकार, प्रश्नावली आणि अनुसूचीतील फरक यांच्या टिपा पाठ करायच्या, ही रीत रुळली.

गणिताच्या भागाची तयारी रकान्यांवर चाले. समजा, पाच बांध्यांचे एकरी उत्पन्न 18, 22, 20, 25 आणि 15 क्विंटल आहे. बेरीज 100, मध्य 20. पुढच्या रकान्यात विचलने : उणे 2, 2, 0, 5, उणे 5. त्यांची बेरीज शून्य आली पाहिजे. न आल्यास चूक वरच आहे, हा पडताळा मुरलेला विद्यार्थी कधी सोडत नाही. वर्गांची बेरीज 58, पाचाने भागून 11.6 आणि वर्गमूळ सुमारे 3.41, हे प्रमाण विचलन. पूर्वी हे वर्गमूळ लॉग टेबलातून काढावे लागे. पुढे कॅल्क्युलेटर आला, आकडेमोडीचा वेळ वाचला आणि पायऱ्या नीट मांडण्याला महत्त्व आले.

त्यानंतरचे बदल झपाट्याने झाले. झेरॉक्समुळे एकाच्या नोट्स सगळ्या वर्गाच्या झाल्या. सत्र पद्धतीने वर्षाचा अभ्यास दोन भागांत विभागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्यांनाही संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा केला. कोरोनाकाळात, 2020 साली, अंतिम वर्षाच्या परीक्षा ऑनलाइन आणि बहुपर्यायी झाल्या. तेव्हा लांबलचक उत्तरांची घोकंपट्टी निरुपयोगी ठरली आणि व्याख्यांमधील बारीक फरक ओळखणे कामी आले.

साधने बदलली तरी प्रश्नसंचावरची भिस्त सुटलेली नाही. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी उत्तीर्ण होतो. पण दिलेल्या सामग्रीला कोणती कसोटी लावायची आणि का, हे विचारले की अडतो. ज्या तालुक्यात दर हंगामाला नमुना निवडून धान तोलले जाते, तिथे या पेपरची तयारी एका पीक कापणी प्रयोगाला हजर राहून सुरू करणे हाच सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा मार्ग आहे.