बँकेतलं दूध आणि रजाअत

1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदूध बँक सुरू केली. तिथे अपुऱ्या दिवसांची बाळं जंतुसंसर्गाने दगावत होती. त्यांनी डब्याचं दूध आणि बाटली बंद केली, आईला आत घेतलं. इंग्लंडात 1959 साली प्लॅट समितीला शिफारस करावी लागली की, इस्पितळातल्या मुलाला आईबापांना केव्हाही भेटू द्यावं. आपल्याकडे सरकारी वॉर्डात घरचं माणूस नसेल तर निभतच नाही!

पण आई प्रत्येक वेळी जवळ नसते. बाळाला रुग्णवाहिकेतून मुंबईला नेतात आणि ती तिकडे श्रीवर्धनला किंवा मुरुडला टाक्यांवर पडून असते. तेव्हा बँकेचं दूध कामी येतं. दात्या बाईची तपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून गोठवतात, आणि बहुतेकदा अनेकींचं एकत्र करतात. आपल्या घरात गाडी अडते ती इथे. एका बाईचं दूध प्यालेली मुलं भावंडं होतात, त्यांचा निकाह होत नाही. मग बाई कोण, हेच माहीत नसेल तर?

1985 साली जेद्दाच्या फिकह अकादमीने याच कारणाने मुस्लिम देशांत अशा बँका नकोत असं ठरवलं. युसूफ करदावी यांचं मत उलट होतं. बाळाने छातीशी लागून प्यालेलं दूधच नातं जोडतं आणि शंकेवर हराम ठरत नाही, असं ते म्हणत. आपण कोकणी बहुतेक शाफई. आपल्याकडे पाच वेळा पाजल्याशिवाय रजाअत होत नाही. हनफींच्या मते एकदाही पुरे. एकाच मोहल्ल्यात दोन्ही मतं नांदतात. माझ्या मते जीव वाचवण्याच्या प्रश्नात मोजणी नंतरची. पण प्रश्न विचारणाऱ्यांना अडाणी म्हणणारे डॉक्टर मला पटत नाहीत.

माझी नात सातव्या महिन्यात झाली, वजन अकराशे ग्रॅम. बावन्न दिवस ती काचेच्या पेटीत होती. जावई जिन्यात चादर टाकून झोपायचा. पहिले नऊ दिवस लेकीला प्रवासाची परवानगी नव्हती. दुधाचं विचारलं तेव्हा जावयाने गावच्या इमामसाहेबांना फोन लावला. ते म्हणाले, आधी पाजा, मग बोलू. नळीतून दर दोन तासांनी थेंब थेंब दूध जाऊ लागलं. दहाव्या दिवशी लेक पोचली आणि पेटीशेजारी बसून स्वतःचं दूध काढू लागली, रात्रीसुद्धा.

माझ्या बायकोने एकच मागणी केली. कोणत्या तारखांना बँकेचं दूध दिलं, ते कागदावर लिहून द्या. बाईंचं नाव कळणार नव्हतं, ते तिला ठाऊक होतं. सिस्टरने नऊ तारखा लिहून दिल्या. तो कागद आमच्या कपाटात निकाहनाम्यांच्या फाईलमध्ये आहे. उद्या त्याच दिवसांत त्याच वॉर्डात असलेल्या एखाद्या मुलाचं स्थळ आलं, तर तो काढून इमामसाहेबांपुढे ठेवायचा, असं तिने लेकीला बजावून ठेवलं आहे.