९६०० चा पूर्वज

नातीने आर्डुइनो बोर्डावर पहिला प्रोग्राम चढवला, सीरियल मॉनिटर उघडला, तर ‘हॅलो’ऐवजी नुसती अगम्य चिन्हं. “आजोबा, बोर्ड बिघडला!”

म्हटलं, “आधी वेग बघ.” प्रोग्राममध्ये ९६०० बॉड, मॉनिटरवर ११५२००. आकडा जुळवला आणि ‘हॅलो’ उमटलं.

ही सवय सिग्नल्समधली. आमचे टेलिप्रिंटर ५० बॉडवर चालत. मोटरचा वेग सरकला की संदेशाचा काला. एका रात्री चौकीचा संदेश असाच आला. आम्ही लाइनला दोष देत बसलो, चूक आमच्याच मशीनची निघाली. तेव्हापासून आधी ट्यूनिंग फोर्कने वेग तपासायचा, मग तक्रार.

‘बॉड’ हे नाव फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो यांचं. १८७४ मध्ये त्यांनी पाच खुणांच्या अक्षरसंकेताचं पेटंट घेतलं. पुढे टेलिप्रिंटरने प्रत्येक अक्षराआधी स्टार्ट आणि शेवटी स्टॉप जोडलं. २००५ मध्ये इटलीतल्या इव्रेआत जन्मलेला आर्डुइनोही तसाच बोलतो: एक स्टार्ट, आठ बिट, एक स्टॉप. ठोका सांगणारी वेगळी तार नाही, म्हणून वेग आधीच ठरवावा लागतो.

तेव्हा मंडळी, पडद्यावर कचरा दिसला तर बोर्ड फेकू नका. दोन्ही टोकांचा आकडा बघा.