दोनशेच्या खाली गेल्यावर या

बोदवडहून मुंबई म्हणजे रेल्वेने साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. २००४ साली आपल्याकडच्या माणसाला एचआयव्हीची सरकारी मोफत औषधं हवी असतील, तर हा प्रवास होता. त्या वर्षी १ एप्रिलला देशात आठ रुग्णालयांत एआरटी सुरू झाली. महाराष्ट्रात एकच, मुंबईचं जे. जे.

बरं, तिथे पोचलं की गोळ्या मिळाल्या, असंही नाही. फार आजारी नसाल, तर सीडी४ पेशी दोनशेच्या खाली हव्यात. निरोगी माणसात त्या साधारण ५०० ते १५०० असतात. म्हणजे साडेतीनशेवाल्याला उत्तर काय? अजून थांबा.

हा नियम दुष्टपणाचा नव्हता. २००१ मध्ये सिप्लाने वर्षाचा खर्च दहा-पंधरा हजार डॉलरवरून ३५० डॉलरवर आणला, तरी रुग्ण लाखोंनी होते. शिवाय तेव्हाच्या स्टॅव्हुडिनने गाल बसायचे, तळपायांची आग व्हायची. उशिरा सुरू करणं डॉक्टरांनाही शहाणपणाचं वाटायचं.

पण शरीराचा हिशोब वेगळा निघाला. औषध सुरू झालं की सीडी४ पहिले काही महिने भराभर वाढतात. त्यातल्या बऱ्याचशा जुन्याच पेशी असतात, लसीकाग्रंथींत अडकलेल्या, रक्तात परतलेल्या. खऱ्या नव्या पेशी थायमसमधून येतात, आणि थायमस वयासोबत आक्रसत जातो. त्यामुळे पन्नासपासून सुरुवात केलेले कितीतरी जण दहा वर्षांनीही पाचशेला पोचत नाहीत, विषाणू पूर्ण दबलेला असूनही. सर्व्हरची डिस्क पूर्ण भरेपर्यंत मी अलार्म थांबवून ठेवला, तर मला नोकरीवरून काढतील. असो.

२००६ च्या 'स्मार्ट' अभ्यासात सीडी४ चांगले असताना औषध थांबवलेल्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. हृदय, यकृत, मूत्रपिंडाचे आजारही. २०१५ च्या 'स्टार्ट'मध्ये पाचशेच्या वर असतानाच औषध घेणाऱ्यांना गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी दिसला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आकड्याची अट काढली, भारताने २०१७ मध्ये.

आता आकडा कितीही असो, औषध सुरू होतं. पण २००४ च्या रांगेतली माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यापैकी कुणाचा सीडी४ तीनशेवर अडकला, की घरचे पहिला प्रश्न विचारतात, "गोळ्या चुकवल्या का?" त्या वेळी आधी व्हायरल लोडचा रिपोर्ट बघा. तो दबलेला असेल, तर गोळ्या नीट घेतल्यात त्यांनी. सुरूच उशिरा झाल्या होत्या.