शाळेचं छत आणि कोयत्याचा हंगाम

गावातली सगळ्यात भरवशाची पक्की इमारत कोणती, तर शाळा. पूर आला, वादळ आलं, मतदान आलं, की पहिली किल्ली शाळेची मागितली जाते. आज आपण या इमारतीबद्दल एकच प्रश्न घेणार आहोत. बाहेरून आलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांना शाळेत ठेवावं का, आणि ठेवायचं तर त्याला कायद्याने कोणती मर्यादा असावी? हा प्रश्न आम्ही बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या संदर्भात मांडणार आहोत. इथे दरवर्षी माणसांचे दोन मोठे लोंढे येतात. आषाढीच्या आधी वारकरी येतात आणि दसरा-दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगार येतात. शाळेचं दार या दोघांना सारखं उघडत नाही.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. न्यूयॉर्क शहरात २०२३ मध्ये परदेशातून आलेल्या निर्वासितांना काही सरकारी शाळांच्या व्यायामशाळांत ठेवण्याचा निर्णय झाला आणि पालक रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२४ मध्ये वादळामुळे तंबूंतल्या सुमारे दोन हजार माणसांना ब्रुकलिनच्या एका हायस्कुलात रात्रीपुरतं हलवलं, तर दुसऱ्या दिवशी मुलांना घरून ऑनलाइन शिकावं लागलं. शाळांत निवारे नकोत, असे कायद्याचे प्रस्तावही तिथे पुढे आले. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या शहरावर बेघर माणसाला निवारा देण्याचं बंधन १९८१ च्या एका न्यायालयीन तडजोडीपासून आहे. त्यामुळे ‘शाळेत नको’ म्हटलं की लगेच ‘मग दुसरीकडे कुठे’ याचं उत्तर शहराला द्यावं लागतं. आपल्याकडे या दुसऱ्या प्रश्नाचं काय होतं, ते बघायचं तर थोडं मागे जावं लागेल.

बारामती-इंदापूरचा हा भाग मुळात पर्जन्यछायेतला, कमी पावसाचा. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळात नीरा डाव्या कालव्याचं काम दुष्काळी काम म्हणून सुरू झालं. म्हणजे ज्या कालव्याने हा प्रदेश बागायती केला, त्याची पहिली माती उपसली ती पोटासाठी घर सोडून आलेल्या माणसांनी. पुढे कालव्याला पाणी सुटलं, भाटघर धरणाचा आधार मिळाला आणि ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसलं. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर आणि पुढे इंदापुरातले इतर. कारखाना आला तसा रस्ता आला, बँक आली, दूध संघ आला, शाळा-कॉलेजं आली. या भागाच्या शिक्षणाचा पाया बऱ्याच अंशी उसाच्या पैशावर उभा आहे, हे सांगायला नकोच.

आता हा ऊस तोडतं कोण? बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, केज या तालुक्यांतून, नगरच्या पाथर्डीकडून दरवर्षी टोळ्या निघतात. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोबात माणसं दोन, पण मोजायचा कोयता एक. कारखान्याजवळच्या मोकळ्या रानात किंवा गावाच्या कडेला त्यांचा तळ पडतो. बांबू, पाचट, ताडपत्री यांची कोपी उभी राहते, आत वाकूनच जावं लागतं. संडास नाही, वीज असलीच तर आकड्याची. नोव्हेंबर ते मार्च, कधी एप्रिलपर्यंत संसार तिथेच. आणि त्या तळापासून चालत जाण्याच्या अंतरावर बहुतेक वेळा जिल्हा परिषदेची एक शाळा असते.

याच भागातून संत तुकाराम महाराजांची पालखी जाते. बारामतीत शारदा प्रांगणात मुक्काम, मग काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, सणसरचा मुक्काम, बेलवाडीचं गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर. या दिवसांत वाटेवरच्या शाळांचे वर्ग, व्हरांडे, मैदानं दिंड्यांना मोकळी होतात. सतरंज्या पडतात, टँकर येतात, पहाटे दिंडी पुढे जाते आणि एक-दोन दिवसांत शाळा झाडून-पुसून पुन्हा भरते. कुणाची तक्रार नसते, असूही नये. पण इतिहास म्हणून याकडे बघितलं तर या प्रथेत तीन गोष्टी पक्क्या दिसतात. येणाऱ्याची तारीख ठरलेली, जाण्याची तारीख ठरलेली, आणि गावाच्या मनात येणाऱ्याला मान. इथे मर्यादा कायद्याने घातलेली नाही, पंचांगाने घातलेली आहे.

ऊसतोड कामगाराच्या बाबतीत पहिली गोष्ट आहे, दुसरी थोडीफार आहे, तिसरी नाही. त्याच्यासाठी शाळेची किल्ली कुणी मागत नाही. आणि आमचं म्हणणं असंही नाही की पाच महिने त्याला वर्गात झोपवावं. तसं केलं तर शाळाच बंद पडेल. प्रश्न असा आहे की शाळा नाही, तर मग काय?

इथे कायदा काय म्हणतो ते नीट पाहू. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २७ ने शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायला मनाई केली, अपवाद तीनच ठेवले : दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका. म्हणजे शिक्षकाच्या वेळेला कुंपण घातलं. इमारतीला असं सरळ कुंपण या कायद्यात नाही. पण आडून एक आहे. कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस ठरवलेत. इमारत कुणालाही द्या, हे दिवस भरले पाहिजेत. ही मर्यादा आपल्याकडे फारशी कुणी वाचत नाही, पण ती आहे.

याच्या उलट बाजूला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. आपत्तीत प्रशासनाला जागा, वाहनं ताब्यात घेता येतात. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात, २०२० च्या निसर्ग वादळात लोकांना शाळांत हलवलं ते याच विचाराने, आणि ते योग्यच होतं.

आता तिसरा कायदा. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर कामगाराच्या राहण्याची योग्य सोय करण्याची जबाबदारी टाकली. वाचताना वाटतं, हा तर आपल्याच लोकांसाठी आहे. पण नावातला ‘आंतरराज्य’ हा शब्द बघा. ओडिशातून तेलंगणात वीटभट्टीवर गेलेला माणूस या कायद्यात बसत होता. धारूरहून बारामतीला आलेला माणूस बसत नव्हता, कारण त्याने राज्याची सीमा ओलांडलेली नाही. घरापासून दीड-दोनशे किलोमीटर दूर, पाच महिने पाचटाच्या कोपीत, तरी या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नव्हता. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी फक्त टोळी आणली. या दोघांच्या मधल्या जागेत ती कोपी उभी आहे.

मोठ्या माणसाला कायद्याने वगळलं, पण त्याच्या मुलाला नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम ९ स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं सांगतं, त्यात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल याची खात्री करणं हे एक कर्तव्य आहे. इथे राज्याच्या सीमेची अट नाही. म्हणजे आपल्या दोन तालुक्यांतल्या शाळेचं दार या कुटुंबातल्या निदान एका माणसासाठी कायद्याने उघडं आहे. सहा ते चौदा वयाच्या त्या मुलासाठी.

प्रत्यक्षात काय झालं? नव्वदच्या दशकापासून कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा सुरू झाल्या. जनार्थसारख्या संस्थांनी त्या जिद्दीने चालवल्या. पाचटाच्या छपराखाली का होईना, मुलं अक्षरं गिरवत होती. शिक्षण हक्क कायदा आल्यावर मान्यता नसलेल्या शाळांना जागा उरली नाही, मुलांनी जवळच्या नियमित शाळेत जावं असं धोरण झालं. तत्त्व चांगलंच होतं. वेगळी, कमी दर्जाची शाळा कशाला? पण साखरशाळा तळावर होती आणि नियमित शाळा वस्तीपासून लांब. मुलीला धाकट्या भावाला सांभाळायचं असतं, आई-बाप पहाटे तीन-चारला फडात जातात. शिक्षण हमी कार्ड निघालं, गावच्या शाळेने ते द्यायचं आणि इकडच्या शाळेने त्यावर दाखल करून घ्यायचं. पण कार्ड मुलाला तळावरून शाळेपर्यंत चालवत नेत नाही. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे २०० पैकी साधारण निम्मे दिवस. दोन हंगाम असे गेले की मूल चौथीतून कोयत्याकडे वळतं.

एक उपाय मात्र शाळेच्या इमारतीतूनच निघाला, तो म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यांतली हंगामी वसतिगृहं. आई-बाप ऊस तोडायला जातात, मूल गावातच राहतं आणि शाळा व्यवस्थापन समिती त्याच्या जेवणाखाणाची सोय बघते. पुढे २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजनाही आली. इथे शाळा निवारा होते, पण शिकणं बंद करून नव्हे, शिकणं चालू राहावं म्हणून. आमच्या मते हा फरक फार महत्त्वाचा आहे.

मग मार्च २०२० आला. १३ मार्चला राज्याने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला, तोच जुना, प्लेगच्या काळातला. टाळेबंदी झाली तेव्हा हंगाम संपत आला होता, आणि लाखाहून अधिक ऊसतोड कामगार वेगवेगळ्या कारखान्यांच्या तळांवर अडकले. २९ मार्चला केंद्राने राज्यांना स्थलांतरितांसाठी तात्पुरते निवारे उभारायला सांगितलं. १७ एप्रिलला राज्याने तपासणी करून ऊसतोड कामगारांना गावी जाऊ द्यायचा निर्णय घेतला. गावी पोहोचल्यावर अनेकांना चौदा दिवस वेगळं ठेवलं गेलं. कुठे शेतात, कुठे जिल्हा परिषदेच्या शाळेत. ज्या वर्गात त्यांचं मूल अर्धं वर्ष बसू शकलं नव्हतं, त्या वर्गात आई-बापांना रात्र काढायची परवानगी मिळाली, तीही शाळा मुलांसाठी बंद असताना.

या सगळ्यातून आपण काय घ्यायचं? शाळांचा निवारा म्हणून वापर मर्यादित करणारा स्वतंत्र कायदा करायला हरकत नाही. पण त्यात तीन गोष्टी एकत्र लिहिल्या पाहिजेत : किती दिवस, कुणाच्या लेखी आदेशाने, आणि त्यानंतर ती माणसं कुठे जातील. पहिल्या दोनच लिहिल्या तर कायदा शाळेचं रक्षण करेल, पण माणसं कोपीत ढकलेल आणि त्यांची मुलंही तिथेच राहतील. पालखीचं उदाहरण सांगतं की थोड्या दिवसांची सोय गाव आनंदाने करतं. महापुराचं उदाहरण सांगतं की संकटात शाळा उघडलीच पाहिजे. ऊसतोडीचा हंगाम मात्र संकट नाही. तो दरवर्षी येतो, गाळपाची तारीख आधी जाहीर होते, कोणत्या कारखान्याला किती टोळ्या लागणार हे करार करतानाच ठरतं. जे आधीपासून माहीत आहे त्यासाठी पक्के निवारे, पाणी, संडास उभे करणं ही कारखान्याची आणि राज्याची जबाबदारी आहे. ती शाळेवर ढकलता येणार नाही आणि रानात सोडूनही देता येणार नाही.

तोवर करण्यासारखं एक काम आपल्या हातात आहे. बारामती-इंदापूरच्या श्रोत्यांपैकी जे शाळा व्यवस्थापन समितीवर असतील, त्यांनी येत्या हंगामात तळ पडला की पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांना घेऊन तिथे एक फेरी मारावी. सहा ते चौदा वयाची मुलं किती, याची यादी करावी आणि ती मुलं शाळेत कशी येणार, म्हणजे कोण आणणार, धाकट्या भावंडांचं काय, हे तिथेच बसून ठरवावं. कलम ९ ने पालिकेवर आणि जिल्हा परिषदेवर टाकलेलं कर्तव्य तिथून सुरू होतं.