पायात न जाणारा मोजा: नाताळच्या एका शिवणकामाचा इतिहास

१/१६
नाताळच्या आदल्या रात्री धुराड्याजवळ टांगलेला लाल मोजा आता मुंबई-पुण्याच्या मुलांनाही चित्रांतून आणि जाहिरातींतून परिचित झाला आहे. त्याच्याकडे नीट पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. हा मोजा कोणाच्याही पायाचा नाही. त्याला जोडीचा दुसरा मोजा नाही आणि त्याचे माप कोणत्याही पावलाशी जुळत नाही. ती मुळात मोज्याच्या आकाराची पिशवी आहे. रोज वापरायच्या मोज्यापासून घरोघरी शिवल्या जाणाऱ्या या पिशवीपर्यंतचा प्रवास कसा झाला, त्याचा हा मागोवा. या वाटेवर हुंड्याची एक दंतकथा, न्यूयॉर्कचे काही विद्वान गृहस्थ आणि नॉटिंगहॅमचे बंडखोर कारागीर भेटतील.

२/१६
प्रारंभ दंतकथेपासून. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा (आताचे देम्रे) येथे निकोलस नावाचे बिशप होऊन गेले. एका निर्धन बापाला तीन मुली होत्या. हुंड्याला पैसा नसल्याने त्यांना देहविक्रयाच्या मार्गाला लावण्याची वेळ आली होती. निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात सोन्याची थैली घरात टाकली आणि मुलींची लग्ने झाली. आज ही कथा सांगताना सोने धुराड्यातून वाळत घातलेल्या मोज्यात पडले, असे सांगतात. परंतु नवव्या शतकातील जुन्या चरित्रात थैली खिडकीतून येते. तेथे धुराडे नाही आणि मोजाही नाही. हे तपशील नंतर चिकटलेले आहेत.

३/१६
दंतकथेत मोजा उशिरा आला. मग प्रथा कोठून आली? युरोपात निकोलस यांचा सण ६ डिसेंबरला असतो. नेदरलँड्समध्ये आदल्या संध्याकाळी मुले बूट मांडून ठेवतात. इटलीत ५ जानेवारीच्या रात्री बेफाना नावाची म्हातारी येते आणि मोज्यात खाऊ घालते. खोडकर मुलांना कोळसा मिळतो. म्हणजे भेट ठेवण्याचे पात्र प्रांतोप्रांती बदलते, कोठे बूट, कोठे मोजा. तेव्हा ‘एका संताच्या एका चमत्कारातून निघालेली एक अखंड प्रथा’ ही मांडणी कानाला गोड लागली, तरी पुराव्याच्या कसोटीला उतरत नाही.

४/१६
कागदोपत्री ठळक पुरावा मिळतो तो न्यूयॉर्कमध्ये. १८०९ मध्ये वॉशिंग्टन आयर्व्हिंग यांनी शहराचा एक विनोदी ‘इतिहास’ लिहिला. संत निकोलस यांच्या सणाच्या आदल्या रात्री धुराड्यात मोजा टांगण्याची चाल त्यात वर्णिलेली आहे. पुढच्याच वर्षी, ६ डिसेंबर १८१० रोजी, न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचे संस्थापक जॉन पिंटार्ड यांनी एक छापील पत्रक वाटले. अलेक्झांडर अँडरसन यांनी कोरलेल्या त्या चित्रात संत उभे आहेत आणि शेजारी विस्तवाजवळ मोजे टांगलेले आहेत. गुणी मुलाला खेळणी मिळाली आहेत. वाईट वागणाऱ्याच्या वाट्याला छडी आली आहे.

५/१६
ही प्रथा डच वसाहतवाल्यांनी आणली, असा समज दीर्घकाळ होता. १९५४ मध्ये चार्ल्स डब्ल्यू. जोन्स यांनी त्याला आव्हान दिले. डच काळातील न्यू ॲम्स्टरडॅममध्ये अशा उत्सवाचा पुरावा सापडत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. शहराला प्राचीन परंपरा हवी होती, ती पिंटार्ड आणि आयर्व्हिंग यांच्या मंडळींनी पुरवली. एरिक हॉब्सबॉम आणि टेरेन्स रेंजर यांनी १९८३ मध्ये ‘रचलेली परंपरा’ ही संकल्पना रूढ केली. तिचे हे बोलके उदाहरण ठरावे. रचलेली म्हणजे खोटी, असे मात्र नव्हे. लोकांनी ती आपलीशी केली की तिचा स्वतःचा खरा इतिहास सुरू होतो.

६/१६
हा खटाटोप कशासाठी होता? मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी १६५९ मध्ये नाताळ साजरा करणाऱ्यास पाच शिलिंग दंड ठरवला होता. तो कायदा १६८१ मध्ये रद्द झाला. इतरत्र नाताळ म्हणजे मद्यपान, आरडाओरड आणि धनिकांच्या दारात जाऊन हक्काने मागणे. स्टीफन निसनबॉम यांनी १९९६ च्या ग्रंथात दाखवले आहे की, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा रस्त्यावरचा सण घराच्या चार भिंतींत आणला गेला. पूर्वी देणाऱ्याच्या दारात गरीब उभा असे. आता देणाऱ्याचीच मुले विस्तवाजवळ मोजा टांगू लागली. दानाची दिशा बदलली. मोज्याच्या कोडकौतुकात हा बदल सहज नजरेआड होतो.

७/१६
१८२१ मध्ये न्यूयॉर्कला निघालेल्या एका सचित्र बालपुस्तकाने संताची फेरी ६ डिसेंबरवरून नाताळच्या आदल्या रात्रीवर आणली. २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय शहरातील ‘सेंटिनल’ या पत्रात संत निकोलस यांच्या भेटीवरील एक कविता निनावी छापली गेली. पुढे क्लेमेंट क्लार्क मूर यांनी १८४४ च्या संग्रहात ती आपली म्हणून घेतली. तिच्या कर्तृत्वाविषयी वाद आजही आहे. धुराड्याशी काळजीपूर्वक टांगलेले मोजे या कवितेमुळे घरोघर पोहोचले.

८/१६
हे मोजे कोणते? मुलांच्या पायातलेच. थंड प्रदेशात ओले लोकरी मोजे रात्री विस्तवाशी वाळत घालणे हे नित्याचेच काम होते. सणासाठी वेगळे काही करावे लागत नसे. लुइसा मे अल्कॉट यांची १८६८ ची कादंबरी मराठी वाचकांना शांता शेळके यांच्या ‘चौघीजणी’मुळे ठाऊक आहे. तिच्यात जो सैनिकांसाठी निळा मोजा विणत असते. नाताळच्या सकाळी धुराड्याशी मोजे नाहीत हे पाहून तिला लहानपणचा प्रसंग आठवतो: खाऊने ठासून भरल्यामुळे तिचा इवलासा मोजा खाली पडला होता. मोजा इवलासा, कारण तो लहान मुलीच्या पायाचा होता.

९/१६
येथे मोज्याच्या घडणीचा इतिहास पाहणे अगत्याचे आहे. मध्ययुगीन युरोपात पायमोजे मागावरच्या कापडातून कापून शिवत. असे कापड ताणले जात नाही. म्हणून ते उरेब, म्हणजे तिरपे कापावे लागे. सोळाव्या शतकात सुयांवर विणलेल्या मोज्यांचा प्रसार झाला. धाग्याचे फासे एकमेकांत अडकत गेल्याने हे विणकाम ताणले जाते आणि पुन्हा आवळते. संत्रे, अक्रोड, लाकडी घोडा असे काहीही आत घातले, तरी मोजा त्याचा आकार घेतो. बाहेरून हात फिरवून आत काय असेल हे ताडण्याचा मुलांचा आनंद या ताणातच आहे.

१०/१६
१५८९ मध्ये नॉटिंगहॅमशरच्या विल्यम ली यांनी मोजे विणण्याचे यंत्र तयार केले. दोनशे वर्षांत त्या परिसरात यंत्रावर मोजे विणणाऱ्या कारागिरांची मोठी वस्ती उभी राहिली. चांगला मोजा पोटरी, घोटा, टाच यांच्या वळणांप्रमाणे फासे कमी-अधिक करीत घडवला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मालकांनी सोपी युक्ती काढली. रुंद यंत्रावर सरसकट विणलेला पन्हा काढायचा, त्यातून मोज्याचे आकार कात्रीने कापायचे आणि शिवून टाकायचे. माल स्वस्त होई. पण कापलेल्या कडेचे फासे सुटत आणि शिवण उसवे. कसलेल्या कारागिराची मजुरी घसरली ती वेगळीच.

११/१६
मार्च १८११ मध्ये नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावी कारागिरांनी अशी रुंद यंत्रे फोडली. हीच लडाइट चळवळीची सुरुवात. ‘यंत्रांना घाबरलेले अडाणी लोक’ ही त्यांची प्रतिमा अन्यायकारक आहे, कारण हे लोक स्वतः दोन शतके यंत्रावरच काम करीत आले होते. त्यांचा राग कापून शिवलेल्या हलक्या मोज्यावर आणि त्यामुळे बुडणाऱ्या मजुरीवर होता. १८१२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने यंत्र फोडण्याला फाशीची शिक्षा ठरवली. २७ फेब्रुवारी रोजी लॉर्ड बायरन यांनी सरदारांच्या सभागृहातील आपल्या पहिल्या भाषणात या विधेयकाला विरोध केला. पिंटार्ड यांच्या पत्रकातील मोजे आणि फाशीला कारण ठरलेले मोजे यांत जेमतेम दीड वर्षाचे अंतर आहे.

१२/१६
अमेरिकेत त्यानंतर घरातील शिवणकामच बदलले. १८५१ मध्ये आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचे पेटंट मिळाले. १८६३ मध्ये एबेनेझर बटरिक यांनी ठरावीक मापांचे कागदी नमुने विकण्यास आरंभ केला. शतकाच्या अखेरच्या दशकांत कापड गिरण्यांनी आणखी एक पाऊल टाकले. खेळण्यांचे आणि नाताळच्या मोज्यांचे आकार थेट सुती कापडावर छापून मिळू लागले. रेषेवर कापायचे, शिवायचे की वस्तू तयार. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थ ॲडम्सची ‘आर्नल्ड प्रिंट वर्क्स’ ही अशा छापील कापडी खेळण्यांसाठी नावाजलेली गिरणी. तिच्या जुन्या इमारतींत १९९९ पासून आधुनिक कलेचे संग्रहालय आहे. मोजा पायातून निघाला आणि सणाची स्वतंत्र वस्तू झाला तो या काळात.

१३/१६
हे शिवण दिसते सोपे, पण त्यात एक मेख आहे. एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे असावीत असे दोन तुकडे कापायचे, सुलट बाजू आत ठेवून जुळवायचे आणि वरचे तोंड सोडून कडेने शिवायचे. उलटवण्यापूर्वी घोट्याच्या आतल्या वळणावर शिलाईबाहेरच्या मायेला टाक्यापर्यंत छोटे काप द्यायचे. ते विसरले, तर कापड तेथे ओढले जाते आणि चुण्या पडतात. मग अस्तर, वर दुमडलेली पट्टी आणि टाचेच्या बाजूला टांगण्याचा फासा. सारे वजन त्यावर येते म्हणून तेथे टाके दुहेरी. विसाव्या शतकात फेल्टचा वापर वाढला, कारण त्याचे धागे सुटत नाहीत आणि कडा दुमडावी लागत नाही. आता कापड ताणले जात नाही. म्हणून मोजा मोठा कापावा लागतो. त्याचा अवाढव्य आकार येथून आला. सुयांच्या विणकामाने मागे टाकलेली मध्ययुगीन रीत, कापून शिवण्याची, अशी सणाच्या निमित्ताने परतली.

१४/१६
या सुईला राजकारण वर्ज्य नव्हते. १८३४ पासून बॉस्टनमध्ये गुलामगिरीविरोधी स्त्रिया नाताळच्या सुमारास जत्रा भरवीत. पुढे मारिया वेस्टन चॅपमन यांनी तिचे नेतृत्व केले. हातांनी शिवलेल्या वस्तू विकून चळवळीला निधी मिळे. आमच्या सुयांची टोके गुलामांच्या मालकांच्या सदसद्विवेकाला बोचोत, अशा आशयाची वचने त्या वस्तूंवर असत. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गृहयुद्धापर्यंत अमेरिकी गिरण्यांचा कापूस दक्षिणेतील गुलामांच्या श्रमांतून येत होता. फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५ च्या आत्मकथनात लिहिले आहे की, गुलामांना नाताळात मिळणारी सुट्टी ही त्यांच्या मनातील बंड शमवण्याची मालकांची युक्ती होती. एकाच सणाचे हे दोन अनुभव एकत्र वाचावे लागतात.

१५/१६
आपल्याकडे काय? ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज भाषेतून आला. गोवा आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत या सणाची जुनी ओळख म्हणजे येशूजन्माचा गोठा, दारावरचा कागदी तारा आणि शेजाऱ्यांना वाटायचा फराळ. गोव्यात त्याला कुसवार म्हणतात. मोजा या परंपरेत नाही आणि ते स्वाभाविक आहे: जेथे घरात धुराड्याची शेगडी नाही आणि लोकरी मोजे वाळत घालावे लागत नाहीत, तेथे ती प्रथा उगवणार कशी? तो येथे आला तो इंग्रजी पुस्तकांतून, सिनेमांतून आणि दुकानांच्या सजावटीतून. एकोणिसाव्या शतकात मिशनच्या मुलींच्या शाळांनी सुई-दोरा आणि विणकाम मात्र आवर्जून शिकवले. वस्तू आली नाही, कौशल्य आले.

१६/१६
कापून शिवलेल्या मोज्याने नॉटिंगहॅममध्ये कारागिराचे पोट मारले आणि तीच कृती अमेरिकी घरात मायेची खूण ठरली. फरक तंत्राचा नव्हता. एकीकडे दुसऱ्याचा वेळ स्वस्तात विकत घेतला जात होता. दुसरीकडे कोणीतरी आपला वेळ आपणहून देत होते. पण या देण्याचीही नोंद क्वचितच राहिली. पत्रक काढणारे पिंटार्ड, चित्र कोरणारे अँडरसन, कवितेवर हक्क सांगणारे मूर यांची नावे ठाऊक आहेत. रात्री दिव्याशी बसून मोजे विणणाऱ्या, रफू करणाऱ्या, शिवणाऱ्या बायकांची नावे बहुधा नाहीत. वस्त्रसंग्रहांतील असंख्य घरगुती वस्तूंपुढे ‘कर्ता अज्ञात’ एवढेच असते. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी निदान आपल्या घरापुरते हे टाळावे. आजीची गोधडी असो, आईने विणलेला स्वेटर असो की बाळंतविड्यातील कुंची, एक चिठ्ठी लिहून तिच्यासोबत ठेवावी: कोणी केली, कोणासाठी आणि कोणत्या वर्षी. पन्नास वर्षांनी तीच चिठ्ठी कोणाच्या तरी संशोधनाचे मूळ साधन ठरेल.