शिवाशिवीचा खेळ

आपल्या मराठी खेळांची एक गंमत आहे. खेळ जुने, पण त्यांचे कायदे नवे. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतूतू अशा खेळांवरचे अभंग आहेत. म्हणजे सतराव्या शतकातही हे खेळ इतके घरोघरचे होते की, त्यांवर रूपक बांधले तर ते कोणास समजावून द्यावे लागत नसे. मात्र हुतूतूत गडी किती असावेत, दम सुटला हे कोणी ठरवावे, याचा कागद कोणी करून ठेवला नाही. गरजच नव्हती. गावचा हुतूतू गावापुरता. तंटा पडला तर पारावरचा एखादा म्हातारा निकाल देई, आणि तोही मानवला नाही तर ढेकळे होतीच.

पंचाईत होई ती परगावचे गडी आले म्हणजे. एका ठिकाणी बाद झालेला गडी, आपल्या पक्षाने समोरचा एक मारला की जिवंत होऊन पुन्हा आत येई, ही संजीवनी. दुसरीकडे मेला तो मेला, सगळा पक्ष गारद होईपर्यंत त्याने बाहेर बसून राहावयाचे, ही गामिनी. तिसरीकडे कोणी बाहेर जातच नसे, नुसता गुण मांडावयाचा; हा अमर. नावे पाहा, एखाद्या पुराणात शोभावीत अशी! पण संजीवनीवाला आणि अमरवाला समोरासमोर उभे राहिले की खेळ थोडा आणि कज्जा फार.

हा कज्जा मिटवावयास शहरातली मंडळी पुढे आली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बसविले. हुतूतूचे नियम १९१८ च्या सुमारास ठरले, १९२३ साली छापले गेले आणि त्याच वर्षी बडोद्यास त्या नियमांनी मोठे सामने झाले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने ठिकठिकाणचे पाठभेद जमवून ते एका सुतात आणण्याचा उद्योग केला. हा उद्योग पोथी शुद्ध करण्याइतकाच किचकट. खो पाठीमागूनच द्यावयाचा, हाताचा स्पर्श आणि तोंडचा शब्द एकदमच झाला पाहिजे, एकदा दिशा धरली की मागे वळावयाचे नाही, बसलेल्या दोघांमधून पलीकडे जावयाचे नाही: या चार गोष्टी कागदावर आल्या नसत्या, तर खो-खो ही नुसती पळापळ राहिली असती. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आले. पारावरच्या म्हाताऱ्याच्या निकालावर तेथवर जाता आले नसते, हे उघड आहे.

कबड्डीच्या नियमांत तर मनुष्यस्वभावाचा सगळा इतिहास आहे. गड्याने नखे बारीक कापलेली असावीत. अंगाला तेल किंवा तसला निसरडा पदार्थ लावू नये. चढाईवाल्याचा दम मोडण्यासाठी त्याचे तोंड दाबू नये. मुलांना ही कलमे वाचून दाखविताना मला हटकून हसू येते. कायदा उगाच होत नाही. प्रत्येक कलमामागे कोणी तरी तेल चोपडून आलेला पहिलवान उभा असतो! हल्ली दमाच्या जोडीला घड्याळ आले आहे, चढाई तीस सेकंदांत आटोपावी लागते, आणि दांडगाई करणाऱ्यास हिरवे, पिवळे, तांबडे असे चढत्या भाजणीने कार्ड दाखवितात. पिवळे दिसले की दोन मिनिटे बाहेर.

परंतु मला सांगावयाची आहे ती गोष्ट कलमात कोठे नाही. हुतूतूचा सगळा प्राण शिवण्यात आहे. चढाईवाला शिवला की समोरचा बाद. आणि परतू न देता धरून ठेवला की चढाईवाला बाद. आता ज्या समाजाची सारी घडी कोणी कोणास शिवू नये यावर बसविलेली, त्याच समाजाने हा खेळ शतकानुशतके खेळावा, हे नवल नव्हे काय? पण नवल दिसते तितके नाही. आमच्या औंढ्याकडची जुनी माणसे सांगत की, संघ आळीआळीचे असत. खेळ सगळीकडे एकच. फक्त एका आळीच्या रेषेवर दुसऱ्या आळीचा पाय पडत नसे. एका वृद्धाने मला स्वच्छ सांगितले, "गुरुजी, पकड म्हणजे मिठीच की. ती कोणाला घालायची, हे घरचे ठरवीत."

नियमांच्या पुस्तकात जात नव्हती, म्हणून मैदानावर नव्हती असे नाही. साहेबाच्या क्रिकेटचे कायदे आपल्या हुतूतूच्या कितीतरी आधीपासून छापील होते. तरी पुण्यात पाळवणकर बाळू हा चर्मकार समाजातला असामान्य गोलंदाज हिंदूंच्या संघाकडून खेळे, तेव्हा मैदानात चेंडू सर्वांच्या हातून फिरे आणि चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या विलायतेच्या दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्याला कधी मिळाले नाही. ते त्याचा भाऊ विठ्ठल याला १९२३ साली मिळाले. हुतूतूचे नियम छापून निघाले तेच हे वर्ष.

रेषेच्या आत कोण आणि बाहेर कोण, हा प्रश्न आमच्या गावास नवा नाही. नागनाथाच्या देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे जावयास सांगितले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही दंतकथा इथले लहान पोरही सांगते. देऊळ फिरले, माणसे फिरावयास वेळ लागला. पुण्या-बडोद्यास नियमांचा खल चालला होता तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. सप्टेंबर १९४८ मध्ये तो अंमल संपला, १९५६ च्या नोव्हेंबरात मराठवाडा उर्वरित मराठी मुलखाशी जोडला गेला. नियम ठरले तेव्हा आमचा एकही शब्द त्यांत पडला नाही. आम्हांला ते तयार मिळाले.

आणि तयार मिळाले तेही एका अर्थी बरेच झाले, असे माझे मत आहे. अखिल भारतीय कबड्डी महासंघ १९५० साली निघाला; अस्पृश्यता नष्ट करणारे सतरावे कलम घेऊन संविधान अमलात आले तेही त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. पण शालेय सामन्यांस संघ पाठवावयाचा म्हणजे सात गडी मैदानात आणि पाच राखीव. एवढी चांगली पोरे एका आळीत कोठून मिळणार? जिंकावयाचे तर गाव धुंडाळावे लागते. उपदेशाने जे झाले नाही ते पुष्कळदा बाराच्या आकड्याने केले.

याची किंमतही मोजावी लागली. महाराष्ट्राचा हुतूतू, बंगालचा हाडूडू, दक्षिणेकडचा चेडुगुडू, सगळे कबड्डी या एका नावात विरले. गामिनी आणि अमर स्पर्धांतून गेले, संजीवनीचा पाठ राहिला. १९९० साली बीजिंगच्या आशियाई खेळांत याच नावाने सुवर्णपदक आले. मला त्याचा अभिमान आहे, आणि हुतूतू हा शब्द गेल्याची हळहळही आहे. आमच्या खेळाचे नाव आणि दम एकच होता.

बचाव करणारे हात धरून साखळी करतात. कोणी कोणाचा हात धरावयाचा, हे आम्ही शाळेत मुलांची उंची आणि पायातला जोर पाहून ठरवितो. आमच्या एका गड्याच्या आजी मागे सामना पाहावयास आल्या होत्या. घरी जाताना त्यांनी नातवाला विचारले, "तुझा हात धरून उभा होता, तो कोणाचा रे?"

पोरगे म्हणाले, "उजव्या कोपऱ्याचा."