‘सिंहासन’ कादंबरी १९७८ च्या सत्तापालटावर लिहिली होती का? आणि त्यात बीडचं नाव कुठून येतं?

महाराष्ट्रात आमदार फुटले, सरकार डळमळलं की सोशल मीडियावर एक नाव हमखास फिरतं: ‘सिंहासन’. अनेकांना तो सिनेमा म्हणून माहीत आहे. पण मूळ आहे पत्रकार अरुण साधू यांची १९७७ ची कादंबरी.

गोष्ट काय आहे?

मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांची खुर्ची अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांना हवी आहे. मग आमदारांची मोजदाद सुरू होते. कामगार नेता डिकास्टाची ताकदही या हिशेबात येते. हे सगळं जवळून बघतो तो पत्रकार दिगू टिपणीस.

इथला भ्रष्टाचार फक्त नोटांच्या पाकिटातला नाही. पद, पाठिंबा, अगदी गप्प बसणं, प्रत्येकाला किंमत आहे.

१९७९ मध्ये जब्बार पटेल यांनी ‘सिंहासन’ आणि साधूंचीच ‘मुंबई दिनांक’ या दोन कादंबऱ्यांवर सिनेमा केला. पटकथा विजय तेंडुलकरांची. अरुण सरनाईक मुख्यमंत्री झाले, डॉ. श्रीराम लागू दाभाडे, तर निळू फुले दिगू.

खरं सरकार कधी पडलं?

जुलै १९७८ मध्ये. वसंतदादा पाटील यांच्या सरकारमधून शरद पवार बाहेर पडले आणि सरकार कोसळलं. १८ जुलैला पवारांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते. हेच ‘पुलोद’ सरकार.

म्हणजे कादंबरी आधी, सत्तापालट नंतर आणि सिनेमा त्याच्याही नंतर. कादंबरी त्या घटनेवर बेतलेली असूच शकत नाही. ती भविष्यवाणीही नव्हती. सत्तेचं राजकारण कसं चालतं, हे साधूंनी पत्रकार म्हणून आधीच पाहिलं होतं.

बीडचा संबंध काय?

पवारांसोबत बाहेर पडलेल्या मंत्र्यांमध्ये सुशीलकुमार शिंदे, दत्ता मेघे यांच्यासह बीड जिल्ह्यातल्या माजलगावचे सुंदरराव सोळंके होते. नव्या सरकारमध्ये ते उपमुख्यमंत्री झाले. फेब्रुवारी १९८० मध्ये केंद्राने हे सरकार बरखास्त केलं. माजलगावच्या सहकारी साखर कारखान्याला आज सोळंके यांचंच नाव आहे.

पुढे बीडमध्ये खुर्चीची लढाई घराघरात पोहोचली. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत परळीत धनंजय मुंडेंनी चुलतबहीण पंकजा मुंडेंना हरवलं. त्याच निवडणुकीत बीडमध्ये संदीप क्षीरसागर यांनी काका जयदत्त क्षीरसागर यांचा पराभव केला.

आज ही कादंबरी का वाचायची?

नोव्हेंबर २०१९ ते डिसेंबर २०२४ या काळात राज्यात चार वेळा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी झाला. याच काळात दर दिवाळीच्या सुमारास बीडमधली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला बाहेर पडत राहिली. ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. चौकशी समितीही नेमली गेली. पण पोटासाठी गाव सोडणं काही थांबलं नाही.

‘सिंहासन’ वाचताना म्हणूनच कोण जिंकलं एवढंच बघू नका. सगळे आमदार मोजण्यात गुंतलेले असताना कोणाचा प्रश्न टेबलावर आलाच नाही, तेही बघा. पुढचं सरकार डळमळेल तेव्हा बातम्या वाचतानाही हाच प्रश्न उपयोगी पडेल.